महापौर एका वर्षाचा, खड्डा पाच वर्षांचा

(सीमाभागातल्या विद्यार्थी-युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जशी भाषा होती तशीच ठेवली आहे.)

मित्रांनो, मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत मान खाली घालून रील बघत बसलेल्या माझ्या बंधूंनो,

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. आमच्या गल्लीत कुणालाही सांगितलं की मी पॉलिटिकल सायन्स शिकतोय, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग काय गा, कार्पोरेशनला उभा राहणार काय?" म्हणजे डॉक्टरकी शिकणारा डॉक्टर होणार, आणि राज्यशास्त्र शिकणारा गटाराची टेंडरं काढणार, असा लोकांचा सरळ हिशेब आहे. मला आधी याचा राग यायचा. आता वाटतं, लोकांनी विषय अचूक पकडलाय. आपल्याकडं राज्यशास्त्राची खरी प्रयोगशाळा कुठली असेल तर ती बेळगाव महापालिका. म्हणून आज मी तिच्यावरच बोलणार आहे.

सीमाप्रश्नावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि माझ्यापेक्षा अधिकारानं बोलणारे आहेत. सुप्रीम कोर्टातला दावा २००४ सालचा. माझा जन्म त्याच सालचा. आम्ही दोघं बरोबरीनं वाढलो. माझं मतदार यादीत नाव आलं, मला लायसन मिळालं, माझी दाढी उगवली. दावा अजून तारखेला जाऊन परत येतोय. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. खरं तोपर्यंत नळाला पाणी कुणी सोडायचं, उतारा कुठल्या भाषेत द्यायचा, पावसात तुंबलेला नाला कुणी उपसायचा, हे रोज कुणीतरी ठरवतंय. ते ठरतं महापालिकेत. आणि तिथं आपल्या नावानं, आपल्या मतांवर, काय काय चाललंय ते बघितलं की हसावं का रडावं तेच कळत नाही. मी हसायचं ठरवलंय. रडायला आपल्याकडं १ नोव्हेंबर आहेच.

आधी घर कसं आहे ते बघू

बेळगाव महापालिकेत ५८ प्रभाग. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या वर. म्हणजे एका नगरसेवकाच्या वाट्याला तेव्हाच आठ हजारांच्या वर माणसं. महापौर आणि उपमहापौर नगरसेवक निवडतात, आणि त्यात आमदार-खासदारही मत द्यायला येतात. महापौराची मुदत किती? एक वर्ष. एक! कॉलेजात जीएसची मुदत एवढीच असते, फरक इतकाच की जीएसला झगा आणि गाडी मिळत नाही.

आता बघा एका वर्षात काय होतं. पहिले दोन-तीन महिने सत्कार. शाली, हार, पेढे, कुंदा. बेळगावचा कुंदा टिकायला जितका चांगला तितका महापौर टिकत नाही, हे आपल्या शहराचं दुर्दैव. मग बजेट समजून घ्यायचं. ते समजेपर्यंत पावसाळा. पावसाळ्यात नाल्याची पाहणी, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो. मग गणपती. मग हिवाळी अधिवेशन, सगळे अधिकारी सुवर्णसौधमध्ये. परत आल्यावर बघतात तर पुढच्या महापौराचं आरक्षण जाहीर होऊन लॉबिंग सुरू झालेलं असतं. म्हणजे शहर चालवायला उरले ते दिवस बोटांवर मोजून घ्या.

बरं, मग शहर चालवतो कोण? आयुक्त. त्यांना नेमतं राज्य सरकार. फाईल त्यांच्या टेबलावरून जाते, अंमलबजावणी त्यांच्या हातात. महापौराचं आरक्षण कुठल्या प्रवर्गाला, हेही राज्य सरकारच ठरवतं. आरक्षण असायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरं कुठल्या वर्षी कुठलं, ही किल्ली बेंगळुरूच्या खिशात आहे, एवढं ध्यानात ठेवा. २०१८ ला काय झालं? त्या सभागृहात ५८ पैकी ३२ नगरसेवक मराठी गटाचे. बहुमत आपलं. आणि महापौरपद आलं अनुसूचित जमातीसाठी. त्या प्रवर्गातला नगरसेवक आपल्या गटात एकही नव्हता. मग बहुमत आपलं, महापौर त्यांचा. यात कुणाला दोष द्यायचा? आरक्षणाला अजिबात नाही. दोष आपल्याला. आपण कधी त्या समाजातल्या मराठी बोलणाऱ्या पोराला, पोरीला हाक मारून तिकीट दिलं होतं काय? आपल्या बैठकीत खुर्च्या कुणाच्या आणि सतरंजी कुणाची, हे एकदा मोजून बघा.

बरखास्तीचं शास्त्र

राज्यशास्त्रात एक धडा आहे, ७४ वी घटनादुरुस्ती. १९९२ ची. तिच्यात लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक. वाचायला फार सुंदर आहे. परीक्षेत दहा मार्कांना येतं. बेळगावात मात्र हा धडा ऑप्शनला टाकलाय.

२००५ साली महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. तेव्हा विजय मोरे महापौर होते. बेंगळुरूला त्यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. आणि महापालिका? बरखास्त. २०११ साली महापौर-उपमहापौर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत सहभागी झाले. त्याच डिसेंबरात महापालिका पुन्हा बरखास्त. म्हणजे सभागृहानं काही बोललं, सभागृहातली माणसं रस्त्यावर चालली, तरी सरकार किती चपळ असतं बघा! फाईल इतक्या वेगानं फिरते की आपल्याला वाटावं, हेच अधिकारी जन्मदाखला द्यायला ठेवले असते तर मूल हॉस्पिटलातून घरी यायच्या आधी दाखला पोचला असता.

आता याच चपळ सरकारची दुसरी बाजू बघा. २०१३ साली निवडणूक झाली, पहिला महापौर बसला २०१४ ला. एक वर्ष नगरसेवक निवडून आलेले, आणि सभागृह नाही. त्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ ला संपली. पुढची निवडणूक सप्टेंबर २०२१ ला. अडीच वर्षांनी. निकाल लागला, गुलाल उडाला, नगरसेवकांचे बॅनर लागले. आणि महापौर कधी निवडला? फेब्रुवारी २०२३ ला. १७ महिन्यांनी!

म्हणजे मार्च २०१९ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत, जवळजवळ चार वर्षं, या शहराला चालतं सभागृहच नव्हतं. कोरोना आला नि गेला, २०१९ चा पूर आला नि गेला, घरपट्टी आली आणि ती मात्र गेली नाही. आणि गंमत अशी की घटनेप्रमाणं पाच वर्षं मोजतात ती पहिल्या सभेपासून. म्हणजे २०२१ ला दिलेलं मत २०२८ च्या सुरुवातीपर्यंत चालतं. एवढी वॉरंटी तर आजकाल फ्रीजलाही मिळत नाही.

तर बरखास्तीचं शास्त्र असं : मराठीत ठराव केला तर सभागृह धोकादायक. चार वर्षं सभागृहच नसलं तर सगळं सुरळीत. एक ठराव सहन होत नाही, चार वर्षांचा रिकामा हॉल सहन होतो.

आता आपल्या घरातली भांडणं

इथपर्यंत टाळ्या वाजवल्यात. थांबा जरा. पुढचं ऐकून वाजवा.

२०१८ च्या विधानसभेला आपल्याच समितीचे दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले. निकाल : शून्य आमदार. २०१३ ला दोन होते, ते गेले. दोन्ही गटांची सभा एकाच चौकात, एकाच हुतात्म्यांच्या फोटोसमोर, फक्त वेळ वेगळी. हार दोनदा चढले. हुतात्म्यांना तरी काय वाटलं असेल!

मग एप्रिल २०२१ ला लोकसभेची पोटनिवडणूक आली. एकच उमेदवार, तरुण, आपल्यासारखाच बोलणारा. पोरं स्वतःच्या पेट्रोलनं फिरली, घरातल्या बायकांनी पदरचे पैसे दिले. मतं पडली १ लाख १७ हजारांच्या वर. जिंकलो नाही, खरं सगळ्या राज्यानं मान वळवून बघितलं. निकालात जिंकलेल्याचं अंतर होतं साधारण सव्वापाच हजारांचं. म्हणजे आपल्या मतांनी अख्ख्या निवडणुकीचं गणित हलवलं.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, पाचच महिन्यांनी, महापालिका. भाजपला ५८ पैकी ३५. काँग्रेसला १०. आणि समितीला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. पाच महिन्यांत मराठी माणूस कुठं गेला? कुठंही गेला नव्हता. प्रत्येक प्रभागात होता. अडचण हीच की प्रत्येक प्रभागात तीन-तीन ठिकाणी होता.

हे गणित कागदावर मांडू. समजा एका प्रभागात ४००० मतं पडली. त्यातली २४०० मराठी मतं. समितीचा अधिकृत उमेदवार घेतो ९००. "मला शब्द दिला होता" म्हणणारा बंडखोर घेतो ८००. "गल्लीचा मान" म्हणून पंचांनी उभा केलेला तिसरा घेतो ७००. पलीकडं एका पक्षाचा एकच उमेदवार, एकच चिन्ह, १३०० मतं. तो निवडून. त्याला दोन हजार सातशे लोकांनी नको म्हटलंय, तरी तोच नगरसेवक. यात ना कुठला कट, ना कुणाचा अन्याय. ही चौथीच्या वजाबाकीची परीक्षा आहे, आणि आपण ती दर वेळेला मोठ्या अभिमानानं नापास होतोय.

आणि चिन्हं काय! पक्ष नोंदणीकृत नसल्यामुळं प्रत्येक उमेदवार अपक्ष. एका गल्लीत कपबशी, दुसऱ्या गल्लीत शिट्टी, तिसरीत शिलाई मशीन. आजीबाईला सांगायचं, "आजी, मराठीला मत दे." आजी म्हणते, "देतो की बाळा, खरं मराठी म्हणजे कपबशी का शिट्टी?" आजीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या नेत्यांनी मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत दिलेलं नसतं.

नंतर पराभवाची चर्चासुद्धा कशी? पहिला गट म्हणतो दुसऱ्यानं पाडलं. दुसरा म्हणतो पहिल्यानं विकलं. तिसरा म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं. एवढी भांडणं झाल्यावर सगळे मिळून एकच ठराव करतात : एकीची गरज आहे. तो ठराव मात्र एकमतानं होतो.

आडनाव मराठी, विषयपत्रिका कन्नड

आता काही जण म्हणतील, अरे निवडून आलेल्यांतही मराठी आडनावं भरपूर आहेत की. महापौरही मराठी बोलणारे झाले. मग काय बिघडलं?

प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळायचा नाही. मराठी माणसानं कुठल्याही पक्षात जावं, तो त्याचा हक्क. लोकशाहीत आडनावाला पट्टा बांधता येत नाही. माझा प्रश्न एवढाच : सभेची नोटीस, विषयपत्रिका, इतिवृत्त कन्नडमध्ये येतं, तिथं बसलेल्या मराठी आडनावाच्या किती नगरसेवकांनी उभं राहून सांगितलं की मला हे मराठीतही द्या? मागणारे मोजके. ती मागणी झाली की सभागृहात गोंधळ, बाहेर घोषणा, दुसऱ्या दिवशी पेपरात मोठं शीर्षक. आणि ज्यांना त्या कागदातलं अक्षर वाचता येत नाही ते हात वर करून "मंजूर" म्हणतात. न वाचलेल्या कागदाला मंजुरी! आपण ॲपच्या अटी न वाचता 'मान्य' दाबतो तसंच. फक्त इथं त्या अटींत आपली घरपट्टी असते.

कन्नड राज्यभाषा आहे. ती शिकावी, मी शिकलो, बसमध्ये, दवाखान्यात, मित्रांत बोलतो. माझे कितीतरी जिवाभावाचे दोस्त कन्नड आहेत, आणि त्यांच्या गल्लीतला खड्डाही माझ्या गल्लीतल्या खड्ड्याएवढाच खोल आहे. खड्ड्याला भाषा नसते, त्यात सगळे सारखे पडतात. खरं भाषिक अल्पसंख्याकांना कागदपत्रं त्यांच्या भाषेत मिळावीत, ही काही आपण आज उठून काढलेली मागणी नाही. राज्यांची पुनर्रचना झाली त्या १९५६ सालीच केंद्रानं संरक्षणाची योजना आखली. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करायचे, असं ते सूत्र. घटनेत ३५० ब कलमाखाली त्यासाठी खास अधिकारी आहे. म्हणजे मागणारा भीक मागत नाही. छापलेला हक्क मागतो. खरं मागायला तोंड पाहिजे, आणि तोंड पक्षाच्या व्हिपनं बंद असलं तर आडनाव काय कामाचं?

गाळा आणि रस्ता : दोन गोष्टी

आता थोडं अलीकडचं. गोवावेसचा खाऊ कट्टा तुम्हाला माहीत आहे. तिथले गाळे दोन नगरसेवकांच्या पत्नींच्या नावावर घेतल्याची तक्रार झाली. फेब्रुवारी २०२५ ला प्रादेशिक आयुक्तांनी दोघांचं सदस्यत्व रद्द केलं. न्यायालयातून स्थगिती मिळाली. आणि मार्चमध्ये त्यांच्यातलेच एक महापौर झाले!

दोषी कोण, निर्दोष कोण, ते न्यायालय ठरवेल. ते ठरवायचा मला अधिकार नाही. मी फक्त क्रम बघतो. फेब्रुवारीत अपात्र, मार्चमध्ये प्रथम नागरिक. मी कॉलेजात एका पेपरला हॉलतिकीट विसरलो असतो तर मला वर्गाच्या दारातही उभं केलं नसतं. एक बाजू म्हणते हे राजकीय सूड. दुसरी बाजू म्हणते हा भ्रष्टाचार. दोघं महिनोन्‌महिने भांडले. त्या भांडणात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही : खाऊ कट्ट्यावर गाडा लावायची आस बाळगून बसलेल्या बेरोजगार पोरांचं काय झालं? गाळे कुणाला मिळाले यावर सभागृह तापलं. गाळे कुणाला मिळायला पाहिजे होते, यावर थंड.

दुसरी गोष्ट रस्त्याची. शहापूरकडून जुन्या पी. बी. रोडला जोडणारा एक रस्ता झाला. स्मार्ट सिटीचा काळ, रुंद, चकाचक. पुढं कळलं की त्यातली जमीन रीतसर संपादनच केलेली नव्हती. मालक न्यायालयात गेला. भरपाईचा आकडा २० कोटींवर आला. मग २०२४ ला काय केलं? जागा मालकाला परत. रस्ता बंद! मी राज्यशास्त्राच्या पुस्तकात सत्तांतर वाचलंय, भाषांतर आपण सगळे जाणतोच, खरं रस्तांतर पहिल्यांदा बघितलं. आधी खर्च करून रस्ता केला, मग खर्च करून नसल्यासारखा केला. आणि चूक कुणाची यावर सभागृहात वाद : तुमच्या काळात झालं, नाही तुमच्या आमदारानं केलं, नाही अधिकाऱ्यानं सही केली. वाद इतका रुंद, की त्याच्यावरून दोन बस शेजारी शेजारी गेल्या असत्या.

इथं एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव स्मार्ट सिटीत आलं, आपण फटाके लावले. खरं ते काम महापालिकेनं केलं नाही. त्यासाठी वेगळी कंपनी. पाण्याच्या चोवीस तास योजनेचं काम वेगळ्या यंत्रणेकडं, खाजगी कंत्राटदाराकडं. नवीन वसाहतींचा विकास वेगळ्या प्राधिकरणाकडं. मग ५८ जणांच्या हातात उरलं काय? गटार, दिवा, कचरा, आणि भांडण. मोठ्या पैशाच्या किल्ल्या बाहेर गेल्या, त्याबद्दल सत्ताधारी गप्प, विरोधक गप्प. आणि गाळा, खुर्ची, गाडी, स्थायी समिती यासाठी रान पेटतं. स्थायी समित्या किती? चार. नगरसेवक ५८. चार हाडं आणि... जाऊ दे, उपमा तुम्ही पुरी करा, माझं अजून डिग्रीचं वर्ष शिल्लक आहे.

घरपट्टीचंही तसंच. २०२३ ला करवाढीच्या ठरावाच्या कागदावर साल कुठलं घालायचं यावरून सत्ताधारी एकीकडं आणि अधिकारी दुसरीकडं असा दंगा झाला. आठवडे गेले. फाईल कुठं, सही कुणाची, साल कुणी बदललं! सामान्य माणसानं मात्र वाढलेली घरपट्टी भरली. त्याच्या पावतीवर साल बरोबर होतं.

मग आपण काय करायचं?

भाषणाच्या शेवटी "युवकांनी पुढं यावं" असं म्हणायची पद्धत आहे. पुढं आलो की "बाळा, जरा बाजूला हो, नेते येतायत" असंही म्हणायची पद्धत आहे. म्हणून मी तसलं काही सांगणार नाही. चार कामं सांगतो, चारही फुकट किंवा दहा रुपयांत होणारी.

एक. महापालिकेची सभा बघायला जा. क्रिकेटची मॅच आठ तास बघतो, ही दोन तास बघा. आपल्या प्रभागाचा नगरसेवक बोलतो का, काय बोलतो, का नुसता चहा पितो, हे लिहून ठेवा. वर्षभराची नोंद झाली की ती गल्लीच्या मंडळाच्या फळ्यावर लावा. टीका करू नका, शिवी देऊ नका, फक्त लावा. वाचायचं काम गल्ली करेल.

दोन. माहितीचा अधिकार. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लागतो. आपल्याला तर व्हॉट्सॲपवर भांडताना पाचशे शब्द लागतात. दीडशेत प्रश्न विचारायला शिकणं हेही शिक्षणच आहे. भावना लिहू नका. "आमच्या प्रभागात गेल्या वर्षी गटारीवर किती खर्च झाला, कंत्राटदार कोण, काम पुरं झाल्याचा दाखला कुणी दिला", एवढंच. एका अर्जानं काही होणार नाही. ५८ प्रभागांतून ५८ अर्ज गेले की मात्र होतं.

तीन. मराठी कागदाची मागणी लेखी करा, पोच घ्या. घोषणा हवेत विरते, पोच कपाटात राहते. उद्या कुठल्याही आयोगापुढं, कोर्टापुढं जायचं झालं तर लोक विचारतात, "तुम्ही मागितलं होतं काय?" त्या वेळेला ढोल-ताशाचा व्हिडिओ दाखवून चालत नाही. शिक्का दाखवावा लागतो.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. एका प्रभागात एकच मराठी उमेदवार. तो बंद खोलीत ठरवायचा नाही. प्रभागातल्या लोकांना एकत्र बोलवा, इच्छुकांना समोर उभं करा, पाच प्रश्न विचारा, तिथंच चिठ्ठ्या टाका, तिथंच मोजा. हरलेल्यानं तिथंच जिंकलेल्याच्या हातात नारळ द्यायचा. जो देणार नाही त्याला आधीच सांगायचं की आम्ही तुझ्या लग्नाला येतो, खरं प्रचाराला नाही. आणि त्या बैठकीत सगळ्या जातींची, सगळ्या गल्ल्यांची माणसं, पोरी, बायका असल्या पाहिजेत. नाहीतर २०१८ सारखं बहुमत घेऊन पुन्हा प्रेक्षक म्हणून बसायची वेळ येईल.

मित्रांनो, १९५६ ला आपल्या आज्यांना कुणी विचारलं नाही की तुम्हाला कुठल्या राज्यात राहायचंय. १९८६ ला कन्नड सक्तीच्या विरोधात माणसं गोळीला सामोरी गेली, हिंडलग्याला रक्त सांडलं. त्या माणसांना नगरसेवकपद नको होतं, गाळा नको होता, स्थायी समिती नको होती. त्यांना आपली भाषा आपल्या कारभारात पाहिजे होती. आपल्याला आज गोळी खायची नाही. नुसती सभा बघायला जायचंय, दीडशे शब्दांचा अर्ज लिहायचाय, आणि आपल्यातल्या दोघांपैकी एकाला म्हणायचंय, "तू माघार घे." यातलं शेवटचं वाक्य म्हणायला गोळी झेलण्याइतकं धाडस लागतंय असं आपल्याकडं वातावरण आहे, हीच खरी आपली थट्टा.

मोठा निकाल दिल्लीत लागेल. तो लागेल त्या दिवशी आपण सगळे चौकात असूच. खरं त्या दिवशी कुणी विचारलं, "इतकी वर्षं ५८ खुर्च्या तुमच्या शहरातच होत्या, त्यांचं काय केलंत?", तर आपल्याकडं उत्तर पाहिजे. कपबशी आणि शिट्टी हे उत्तर नव्हे.

येत्या महिन्यात सभा लागली की मी जाणार आहे. वही घेऊन. माझ्याबरोबर कोण कोण येतंय, त्यांनी आत्ता चहाच्या वेळेला नाव द्या. मागच्या रांगेतल्यांनी पहिल्यांदा.

जय महाराष्ट्र.